शिनचॅन हिंदीत बघायचा की जपानीत?

शिनचॅन या जपानी कार्टूनचा नवा पिक्चर लागला की आमच्या वयाची मंडळी ‘चांगला आहे का’ असं विचारत नाहीत. जाणार तर असतातच. विचारतात ते एवढंच, की हिंदीचं तिकीट काढू की जपानीचं? २०२५ च्या सप्टेंबरात आलेला, म्हणजे शिनचॅन आणि त्याच्या कासुकाबे गावची पोरं भारतात येतात तो पिक्चर, मी दहा दिवसांत दोनदा बघितला. आधी पुण्यात जपानीत, खाली इंग्रजी सबटायटल. मग छत्रपती संभाजीनगरला हिंदीत. तेव्हापासून फोन चालू आहेत. प्रत्येकाला तेच सांगून जीभ थकली, म्हणून एकदाचं लिहून काढतो. पुढच्या पिक्चरलाही उपयोगी पडेल, कारण हा बत्तिसावा होता आणि १९९३ पासून जपानात जवळपास दरवर्षी एक निघतोच.

आधीच कबूल करतो, जाताना माझं मन जपानीच्या बाजूला होतं.

मी परभणीचा, १९९८ चा. हंगामा चॅनेलवर शिनचॅन २००६ मध्ये सुरू झाला तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. त्या वर्षांत आमच्याकडं कार्टून बघायचं तर आधी भारनियमनाचं वेळापत्रक पाठ असावं लागायचं. आमच्या गल्लीची लाइट गेली तरी रुळापलीकडच्या वस्तीत असायची, कारण त्यांचा फीडर वेगळा. त्यामुळं अर्धा एपिसोड घरी आणि उरलेला अर्धा पळत जाऊन मित्राच्या घरी, असा मी शिनचॅन बघितलाय. पळण्यात जी चार-पाच मिनिटं जायची त्यात काय झालं ते कधीच कळलं नाही, ते आम्ही आपापल्या मनानं भरून काढायचो. दोन्हीकडं लाइट नसली की ओट्यावर बसून एकजण शिनचॅन व्हायचा, एकजण त्याची आई. तो आवाज, ओढून ओढून काढलेला, नाकातला, थोडा झोपाळू, आम्हा सगळ्यांना जमायचा. अर्थात हिंदीतला. शिनचॅन मुळात जपानी बोलतो हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. एक तर आमच्या बाजारातली हिंदी ही दखनी वळणाची, ‘हौ’ आणि ‘नक्को’वाली. टीव्हीतली ‘आप कैसे हैं’वाली हिंदी आमच्यासाठी निम्मी परकीच होती. तरी तीच शिनचॅनची भाषा, असं डोक्यात बसलं ते बसलं.

२००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून तो बंद झाला, २००९ मध्ये काटछाट होऊन परत आला. तक्रार करणाऱ्यांचं अगदीच चुकलं होतं असं मी आता म्हणणार नाही, कारण मूळची चित्रकथा १९९० मध्ये ज्या साप्ताहिकात सुरू झाली ते मोठ्या माणसांचं होतं. आमच्या आजीला असली कारणं लागायची नाहीत. पोरगं आईला नावानं हाक मारतंय एवढ्यावर तिनं त्याला केव्हाच घराबाहेर काढलं होतं.

जपानीचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते शाळेतल्या एका मित्रानं. हा मूळचा जिंतूरचा, आता पुण्यात नोकरीला, हौसेनं जपानी शिकला, एन-फोर नावाची परीक्षाही पास झाला. त्याचं म्हणणं साधं आहे: “मूळ आवाजात बघ राव. डब म्हणजे उष्टं.” मला हे पटायचं. शिकलेल्या माणसाला असलं काही पटतंच.

नवरात्रात पुण्यात आतेबहिणीचा साखरपुडा होता. बहीण आणि तिचा पोरगा, तिसरीतला, माझ्यासोबत होते. पिक्चर त्याच शुक्रवारी, २६ सप्टेंबरला लागलेला. मित्रानं आधीच चार तिकिटं काढून ठेवली होती, जपानी शोची. बहीण म्हणाली, मला मेंदी काढायची आहे, तुम्ही जा. चौथं तिकीट वाया गेलं, ते मी नंतर त्याला दिलं नाही हेही आता आठवलं.

तर जपानीत काय मिळतं ते आधी सांगतो, कारण जे मिळतं ते खरंच दुसरीकडं मिळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ‘ओरा’. शिनचॅन स्वतःला ‘ओरा’ म्हणतो. जपानीत ‘मी’साठी शब्द भरपूर आहेत. त्याच्या वयाचं शहरी पोरगं सहसा ‘बोकु’ म्हणेल, आणि त्याचा नीटनेटका मित्र कझामा तसंच म्हणतो. ‘ओरा’ हे खेड्याकडचं रूप. म्हणजे टोकियोच्या शेजारच्या गावात, चांगल्या बालवाडीत बसून हे पोरगं बिनदिक्कत ‘म्या’ म्हणतंय! हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्पच झालो. आमच्याकडून पुण्याच्या कॉलेजात गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, पहिल्या महिन्यात ‘करायलाय’चं ‘करतोय’ कसं करून घ्यावं लागतं ते. मीही केलं. शिनचॅननं १९९२ पासून टीव्हीवर ‘ओरा’ चालवलंय आणि त्याला कोणी हसलं तर ते त्याच्या लक्षातही येत नाही. हिंदीत हाच शब्द ‘मैं’ होतो, इंग्रजी सबटायटलमध्ये ‘आय’. दोन्हीकडं त्यातला ‘म्या’ मेलाच, पण जपानी शोमध्ये तो निदान कानावर पडतो.

दुसरी गोष्ट कोट्यांची. या पिक्चरमध्ये शिनचॅनच्या ‘बो’ नावाच्या शेंबड्या मित्राला एक नाकाच्या आकाराची पाठपिशवी मिळते, तिच्यातला कागद त्याच्या नाकात जातो आणि आपला गरीब, दगड गोळा करणारा बो एकदम जुलमी होऊन बसतो. जपानीत ‘बोकुन’ म्हणजे जुलमी राजा, आणि पोराच्या नावाला ‘कुन’ लावलं तर बोचाही होतो ‘बोकुन’! सगळ्या पिक्चरचा डोलारा या एका कोटीवर उभा आहे म्हटलं तरी चालेल. कासुकाबेचं ज्या भारतीय शहराशी नातं जुळतं त्याचं नाव ‘मुशिबाई’. कानाला मुंबईसारखं लागतं, आणि जपानीत ‘मुशिबा’ म्हणजे किडका दात. मराठी माणसाला मात्र मुशिबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कोणी कडक बाईच वाटतात. मी या नावाला हसलो तेव्हा मित्राला वाटलं मला दाताची कोटी कळली.

आणि ते ‘ओकाएरी’. जपानी माणूस बाहेरून घरात आला की ‘तादाइमा’ म्हणतो, म्हणजे ‘आलो’. घरातला माणूस ‘ओकाएरी’ म्हणतो, म्हणजे ‘आलास’. शिनचॅन सुरुवातीपासून हे उलटं करतो. स्वतःच बाहेरून येतो आणि स्वतःच ‘ओकाएरी’ म्हणतो, मग आई त्याला दुरुस्त करते. मित्रानं हे भाच्याला रिक्षात समजावून सांगितलं. तेव्हापासून भाचा शाळेतून येतो, दप्तर फेकतो आणि माझ्या बहिणीला विचारतो, “आलीस का?” ती सकाळपासून घरातच असते.

एवढं सगळं असल्यावर जपानीलाच झुकतं माप द्यायला पाहिजे होतं. पण मूळ आवाजाचा जो मोठा मुद्दा मित्र सांगतो, तो मला थेटरातच जरा ढिला वाटायला लागला. आम्ही कोणीही लहानपणी ज्यांचा आवाज ऐकलाच नाही, त्या अकिको याजिमा २०१८ पर्यंत जपानी शिनचॅन होत्या. मग युमिको कोबायाशी आल्या. त्याच्या बापाला आवाज देणारे केइजी फुजिवारा २०१६ मध्ये थांबले, २०२० मध्ये वारले. म्हणजे आज जपानीत आपण ज्याला मूळ म्हणून ऐकतो तो आवाज जपान्यांच्या लहानपणीचा नाही, आणि आपल्या लहानपणीचा तर नाहीच नाही. कोबायाशीबाईंचं काम मला आवडलं, त्यात उणं काढायचं नाही. पण मूळ म्हणजे काय, याचं उत्तर प्रत्येकाच्या कानात वेगळं असतं. माझ्या कानात हॅरी आणि मित्सी आहेत, म्हणजे हिंदीतले त्याचे बाप आणि आई. पडद्यावर ‘हिरोशी’, ‘मिसाए’ ऐकलं की मला दर वेळी शेजाऱ्यांच्या घरी आल्यासारखं होत होतं.

हेही चाललं असतं. सवयीनं नावं बसतात. चाललं नाही ते वेगळंच, आणि ते मला आधी कोणीही सांगितलं नव्हतं. म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

जपानी शोमध्ये थेटर एका वेळी हसत नाही.

आमच्या पुढं कॉलेजची पोरंपोरी बसलेली, झरझर वाचणारी. सबटायटल पडद्यावर उमटलं की ती हसायची. अजून शिनचॅननं तोंड उघडलेलं, वाक्य निम्म्यातच. दोन सेकंदांनी मी हसायचो, कारण माझं इंग्रजी वाचन कृषी सेवा केंद्रातल्या औषधांच्या डब्यांपुरतं चांगलं आहे, विनोदाला ते अंमळ मंद पडतं. वाक्य पूर्ण झाल्यावर, कधी कधी कोणीच हसलं नसताना, माझा मित्र एकटा हसायचा, कारण त्याला मूळ जपानीतली गंमत कळायची. आणि सगळ्यांच्या शेवटी, पुढचा सीन सुरू झाल्यावर, भाचा हसायचा. तेही मी कानात सांगितल्यावर. “मामा, काय म्हणायलाय?” हे त्यानं त्या पावणेदोन तासांत किती वेळा विचारलं ते मोजलं नाही. एका विनोदाला चार ठिकाणी चार हसू. बोकुनच्या कोटीला तर अख्ख्या थेटरात एकटा मित्र. लग्नात पंगत उठल्यावर एकटाच जेवत बसलेला पाहुणा असतो ना, तसा तो दिसत होता.

आधी वाटलं, दोष माझ्या इंग्रजीचा. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, नुसतं तसं नाही. जपानी वाक्य आपल्या मराठीसारखं चालतं. आधी कोण, मग काय, कुठं, कसं, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. नकार तर त्याच्याही शेपटाला. शिनचॅनचा निम्मा आचरटपणा या शेपटात आहे. तो लांबण लावतो, समोरच्याला वाट बघायला लावतो आणि शेवटच्या शब्दाला गुगली टाकतो. मराठीत करून बघा: “मी आज सगळा अभ्यास, अगदी मन लावून, एका जागी बसून, केला नाही.” गंमत शेवटच्या ‘नाही’त आहे ना? इंग्रजी वाक्यात हा नकार दुसऱ्याच शब्दाला येऊन बसतो. खाली सबटायटल आलं की आधी फुगा फुटतो, मग वर पोरगं त्यात हवा भरत बसतं. सबटायटल लिहिणाऱ्याचा यात काही गुन्हा नाही, इंग्रजीची चालच तशी. हिंदीची चाल मात्र जपानीसारखी आणि आपल्यासारखी आहे. ‘नहीं किया’ शेवटीच येतं.

मारामारीच्या, गंभीर, रडायच्या पिक्चरला हे इतकं जाणवणार नाही. दोन सेकंद मागंपुढं रडलं तरी बिघडत नाही. विनोदाला दोन सेकंद म्हणजे फार झाले.

पुण्याहून परतलो ते पावसात. त्या आठवड्यात मराठवाड्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको. जायकवाडीतून पाणी सुटलं, गोदावरी, सिंदफणा, मांजरा सगळ्या पात्राबाहेर, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. माझं दुकान शेतीच्या औषधांचं. त्या दिवसांत गिऱ्हाईक औषध घ्यायला येत नव्हतं, नुसतं येऊन बाकड्यावर बसायचं. एकानं सोयाबीनच्या शेंगा पिशवीत आणून दाखवल्या. दाण्यांना कोंब फुटलेले. मी त्याला चहा दिला, आणखी काय देणार. असल्या दिवसांत पिक्चरला जायचं म्हणजे मला स्वतःलाच लाज वाटत होती. पण पुण्यातल्या त्या शोनंतर भाच्यानं स्पष्ट सांगितलं होतं, “मामा, मला कळंल असा दाखव.” आणि मी हो म्हणालो होतो. दसरा झाला, पाऊस ओसरला, आणि त्या शनिवार-रविवारी मी, बहीण, भाचा आणि गल्लीतली त्याची दोन दोस्तं तपोवन एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेलो. संध्याकाळचा शो, हिंदी.

हिंदीची रड आधी सांगतो. ‘ओरा’ गेला, ते सांगितलंच. बोकुनची कोटीही गेली, बो नुसताच वाईट झाला. कासुकाबेचे लोक हिंदी बोलतात आणि भारतात उतरल्यावर भारतातलेही हिंदीच बोलतात. त्यामुळं ही मंडळी परदेशी आली आहेत हे अधूनमधून विसरायला होतं. पोरं नांदेडहून लातूरला गेल्यासारखी वाटतात. जपानी डोळ्यांनी भारत बघायची जी मजा या पिक्चरमध्ये आहे, तिच्यावर इथं पाणी पडतं. कदाचित मी उगाच कीस पाडत असेन, पण पहिल्यांदा जपानीत बघितल्यामुळं मला ते टोचलं. शिवाय हिंदीत पात्रं जरा जोरातच बोलतात असं मला वाटलं. आपल्याकडच्या डबिंगला मोकळी जागा सोसत नाही. पात्र गप्प बसलं की कोणाला तरी काळजी वाटते. बोसारख्या मुखदुर्बळ पोराच्या पिक्चरमध्ये हे जास्त खटकतं.

म्हणजे कागदावर मांडलं तर हिंदी हरतेच. तरी थेटरात काय झालं ते ऐका.

माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते. पायजमा, टोपी, नातवाला घेऊन आलेले. पहिली दहा मिनिटं ते पडद्याकडं कमी आणि नातवाकडं जास्त बघत होते. मग शिनचॅननं आईला काहीतरी उलटं उत्तर दिलं आणि अख्खं थेटर एकदम हसलं. एकदम म्हणजे एकदम. भाचा, त्याची दोस्तं, बहीण, मी, पुढचे आजोबा, मागची कॉलेजची पोरं. छत दणाणावं तसं. आणि त्या हसण्यामुळं आजोबांना कळलं की इथं हसायचं असतं. पुढच्या विनोदाला ते सगळ्यांच्या आधी हसले. मध्यंतरात नातवाला म्हणत होते, “लई वात्रट हाय रे त्ये.” आमच्या आजीला दाखवायला पाहिजे होता, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

“मामा, काय म्हणायलाय” एकदाही नाही. उलट भाचाच माझ्या मांडीवर चापट मारून मला सांगत होता की आता बघ, आता बघ. त्याला गोष्ट आधीच माहीत होती, पुण्यात मी कानात सांगितलेली. पण त्याच्या लेखी पिक्चर त्यानं आत्ता बघितला. पुण्यात त्यानं मला ऐकलं होतं. आणि मी तरी पुण्यात पिक्चर कुठं बघितला? पडद्याचा खालचा पट्टा बघितला आणि भाच्याचा कान. हिंदीत मला पहिल्यांदा दिसलं की मागच्या गर्दीत, कोपऱ्याकोपऱ्यात, रंगवणाऱ्यांनी केवढं काम करून ठेवलंय. विनोद चालू असताना मागं काय चाललंय ते बघायला डोळे मोकळे होते.

ज्या विनोदाला शब्दच नव्हते, तिथं दोन्ही थेटरं सारखीच हसली हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. आणि माझं मोजमाप काही शास्त्रीय नाही. एक पुण्यातला रात्रीचा शो, एक संभाजीनगरचा सुट्टीतला शो. प्रेक्षक वेगळे, माझा मूडही वेगळा. दहा दिवस नुसती पाण्याची आणि पंचनाम्याची बोलणी ऐकल्यावर माणसाला कुठंही हसू लवकर येत असेल. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तुला पिक्चर नाही, गर्दी आवडली.” असेल. पण मग घरी मोबाइलवर न बघता मी थेटरात कशाला जातो?

म्हणून माझं म्हणणं असं. एकटे जाणार असाल, इंग्रजी झरझर वाचत असाल, किंवा जपानी शिकताय आणि ‘ओरा’ कानानं ऐकायचाय, तर जपानी बघा, पस्तावणार नाही. तो बोकुनचा क्षण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मिळेल. त्यातही मागची, मधली रांग घ्या. पुढं उंच माणूस आला तर तुमचा शिनचॅन मुका होतो. बाकी कोणाही बरोबर जाणार असाल, दहा वर्षांखालचं पोर किंवा साठीच्या वरचं माणूस सोबत असेल, तर हिंदी. दोन्ही बघायचे असतील तर आधी हिंदी, मग जपानी. मी उलटं केलं, तुम्ही करू नका. गोष्ट आणि हसू आधी घ्या, कोट्या नंतर निवांत वेचता येतात.

एक खंत राहतेच. तमिळमध्ये आला, तेलुगूत आला, मराठीत नाही. पहिलीपासून हिंदीवरून २०२५ मध्ये आपल्याकडं एवढं रान पेटलं, पण ज्या वयात पोरं कार्टूनमधून भाषा उचलतात तिथं मराठीची गादी रिकामीच. भाच्याला तिसरीतच हिंदी फाडफाड येते ती कुठल्या शाळेतून नाही, टीव्हीतून आली. मी आणि मित्रानं परतीच्या फोनवर एक खेळ केला, की शिनचॅन मराठीत आला तर कसा बोलेल. मित्र म्हणाला, प्रमाण मराठीतच बोलेल, स्टुडिओ मुंबईत असणार. मी म्हटलं, मग कझामा प्रमाण बोलू दे आणि शिनचॅन आमच्यासारखा. कझामा म्हणेल, “मी गृहपाठ पूर्ण केला आहे.” आणि हा म्हणेल, “म्या बी केलाव. पर वहीत न्हाई.” ‘न्हाई’ शेवटी. बघा, आपोआप जागेवर बसतं. ‘ओरा’ची सगळी भरपाई एका ‘म्या’त झाली असती, सबटायटलची कटकट नाही आणि आजीलाही कळला असता. तसा पर्याय असता तर हा लेख चार ओळींत संपला असता.

तिकीट काढताना एक करा. एकाच पिक्चरचे वेगवेगळ्या भाषांचे शो ॲपवर एकाखाली एक येतात, पोस्टर तेच. घाईत वेळ बघून बटण दाबलं तर फसाल. भाषा नीट वाचून मगच पैसे भरा. आमच्या ओळखीतला देगलूरचा एक पोरगा हैदराबादला शिकायला आहे, त्यानं असंच घाईत तेलुगू शोचं तिकीट काढलं. सीमेवरचा असल्यामुळं त्याला तेलुगू बऱ्यापैकी येते, बसून राहिला. आता तो सगळ्यांना सांगत फिरतोय की तिन्हींत तेलुगूच भारी, शिनचॅन खरा तिथंच वाटतो. त्याच्याशी मी वाद घातला नाही. मला तेलुगूत ‘रा’ आणि ‘पो’ एवढंच येतं.